आधी गाठीचा रिपोर्ट, मग गोळीची बातमी

मेंदूच्या गाठीबद्दल तीन वाक्यं मला सतत ऐकू येतात. पहिलं मोबाइलवर येतं: "ब्रेन ट्यूमरवर आता रोज एक गोळी पुरे, ती कॅन्सरचं एन्झाइमच बंद करते." दुसरं त्याच्या पाठोपाठ येतं: "परदेशी गोळी जे लाखो रुपयांत करते, ते आपली हळद फुकटात करते, कारण हळदही एन्झाइम रोखते." तिसरं दवाखान्याच्या बाकावर ऐकू येतं, आणि कधीकधी डॉक्टरांच्या तोंडूनही: "ब्रेन ट्यूमर म्हटल्यावर आणखी तपासण्या करून काय उपयोग? ऑपरेशन झालं, बास."

पहिलं वाक्य भाबडं आहे, दुसरं चुकीचं आहे आणि तिसरं निराशेचं आहे. यातल्या तिसऱ्यावर माझा सगळ्यात जास्त आक्षेप आहे. पहिल्या दोन वाक्यांनी होणारं नुकसान निदान दिसतं. तिसऱ्यामुळे होणारं नुकसान फाइलमध्ये गपचूप पडून राहतं. न केलेल्या तपासणीचा रिपोर्ट कोणाच्या हातात येत नाही, त्यामुळे काय हुकलं हेही कळत नाही.

तिन्ही वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण त्यांची चूक एकच आहे. कुठलं एन्झाइम आणि कोणाच्या गाठीतलं, हा प्रश्न तिन्हींत कोणी विचारतच नाही. आजच्या लेखात माझं म्हणणं एवढंच आहे: एन्झाइम रोखणाऱ्या औषधाबद्दल आशा धरायची असो की ती सोडायची असो, त्याआधी रुग्णाच्या गाठीची जनुकीय तपासणी झालीच पाहिजे. तो रिपोर्ट मागण्याचा हक्क रुग्णाला आहे, आणि त्यानं तो बजावला पाहिजे.

एन्झाइम रोखणं म्हणजे नेमकं काय?

एन्झाइमला शाळेच्या पुस्तकात आपण विकर म्हणत होतो. पेशीतला हा कारागीर असतो. एका पदार्थाचं दुसऱ्या पदार्थात रूपांतर करण्याचं काम तो झपाट्यानं करतो. प्रत्येक कारागिराचं काम ठरलेलं असतं. त्याच्या हातात नेमकी अडकेल अशी वस्तू दिली, की त्याचं काम थांबतं किंवा मंदावतं. याला एन्झाइम रोखणं म्हणतात.

यात नवीन किंवा जादूचं काही नाही. तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यात अशी औषधं आज पडलेली असतील. उपाशीपोटी घ्यायची पॅन्टोप्रॅझोल जठरात आम्ल सोडणारं एन्झाइम रोखते. कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन यकृतातलं कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम रोखते. रक्तदाबाची रॅमिप्रिल, युरिक अ‍ॅसिडची अ‍ॅलोप्युरिनॉल, हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन, ही सगळी याच जातीची.

आणि शेतात फवारायची बरीच कीटकनाशकंही याच जातीची. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली विषं आपल्या मज्जातंतूंमधलं एक एन्झाइम रोखतात, म्हणूनच विषबाधा झालेल्या माणसाच्या तोंडाला फेस येतो, बाहुल्या बारीक होतात आणि श्वास अडतो.

तेव्हा "हे एन्झाइम रोखतं" हे कुठल्याही पदार्थाचं प्रशस्तिपत्र नव्हे. त्यातून फक्त कामाची पद्धत कळते. ते औषध आहे, विष आहे की निरुपयोगी आहे, हे कुठलं एन्झाइम, कुठल्या पेशीत आणि किती प्रमाणात रोखलं यावर ठरतं.

जिथे हे जमलं: आयडीएचची गोष्ट

आता ज्या गोळीची बातमी फिरते तिच्याबद्दल. बातमी पूर्ण खोटी नाही, अर्धी आहे.

आपल्या पेशींत आयडीएच नावाचं एन्झाइम असतं. अन्नातून ऊर्जा मिळवण्याच्या साखळीत ते काम करतं. 2008 मध्ये संशोधकांना मेंदूच्या काही गाठींत या एन्झाइमच्या जनुकात बदल झालेला आढळला. 2009 मध्ये कळलं की हे बिघडलेलं एन्झाइम बंद पडत नाही, ते भलतंच काम करू लागतं. ते टू-एचजी नावाचा पदार्थ बनवून पेशीत साठवत राहतं.

हा टू-एचजी काय करतो? तो पेशीतली दुसरी एन्झाइम रोखतो! जनुकांवरच्या रासायनिक खुणा पुसून पेशीला प्रौढ व्हायला मदत करणारी एन्झाइम त्यामुळे अडतात. पेशी अर्धवट वयात अडकते आणि वाढत राहते. म्हणजे इथे गाठच एन्झाइम रोखून वाढते आहे. मग ते टू-एचजी बनवणारं बिघडलेलं एन्झाइमच रोखलं तर? या विचारातून व्होरासिडेनिब हे औषध तयार झालं. ते मेंदूत नीट पोचावं हे रेणू बनवतानाच पाहिलं गेलं.

या औषधाच्या इंडिगो नावाच्या चाचणीचे निकाल 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. 331 रुग्ण होते. निम्म्यांना औषध, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. औषध नसलेल्या गटात गाठ पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मध्यक काळ 11.1 महिने होता, औषधाच्या गटात 27.7 महिने. दोन वर्षांनंतर पुढचे उपचार न लागलेल्यांचं प्रमाण औषधाच्या गटात सुमारे 83 टक्के होतं, दुसऱ्या गटात सुमारे 27 टक्के. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं त्याला मान्यता दिली.

हे यश खरं आहे. तिशी-चाळिशीतल्या माणसाला रेडिएशन आणि केमोथेरपी काही वर्षं पुढे ढकलता येणं, त्या काळात नोकरी करता येणं, मुलं वाढवता येणं, ही मोठी गोष्ट आहे.

पण फॉरवर्डमध्ये गाळलेल्या गोष्टी वाचा. हे सगळे रुग्ण ग्रेड 2 च्या, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या ग्लायोमाचे होते. प्रत्येकाच्या गाठीत आयडीएचचा बदल तपासून सिद्ध झालेला होता. प्रत्येकाचं ऑपरेशन आधी झालेलं होतं, म्हणजे "ऑपरेशन नको" हे साफ चुकीचं. रेडिएशन किंवा केमो त्यांनी अजून घेतलेली नव्हती. औषधाची तुलना कोऱ्या गोळीशी होती, रेडिएशनशी नव्हती. म्हणून "रेडिएशनपेक्षा चांगलं" असं ही चाचणी सांगत नाही. गाठीची वाढ लांबते हे तिनं दाखवलं. गाठ कायमची जाते असा दावा ते औषध बनवणारेही करत नाहीत.

आणखी काही ठिकाणी जमलं

आयडीएच हे एकच उदाहरण नाही. ट्यूबरस स्क्लेरोसिस या जन्मजात आजारात मुलांच्या मेंदूत एक खास प्रकारची गाठ होते. त्या आजारात एमटॉर नावाचं एन्झाइम मोकाट सुटलेलं असतं. ते रोखणाऱ्या एव्हरोलिमसच्या चाचणीत 35 टक्के रुग्णांची गाठ निम्म्याहून लहान झाली, कोऱ्या गोळीच्या गटात एकाचीही नाही.

बीरॅफ नावाच्या एन्झाइममध्ये व्ही600ई हा बदल असलेल्या मुलांच्या सावकाश वाढणाऱ्या ग्लायोमात डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब ही जोडी नेहमीच्या केमोपेक्षा सरस ठरली. 47 टक्के मुलांच्या गाठीनं प्रतिसाद दिला, केमोच्या गटात 11 टक्के. मेंदूच्या तळाशी होणाऱ्या क्रॅनिओफॅरिंजिओमा या गाठीच्या एका दुर्मीळ प्रकारातही हाच बदल असतो. त्यावरच्या 2023 च्या एका छोट्या अभ्यासात अशीच एक जोडी देऊन 16 पैकी 15 रुग्णांची गाठ लक्षणीय आकसली.

या सगळ्यांत समान काय आहे ते पाहा. गाठीचा जीव एकाच बिघडलेल्या एन्झाइमवर लटकलेला आहे, तो बिघाड तपासून सिद्ध केलेला आहे आणि औषध नेमकं त्याच बिघाडासाठी आहे. बिघाड नसलेल्या रुग्णाला तेच औषध दिलं तर ते "रोग म्हशीला आणि औषध पखालीला" असं होईल.

जिथे जमलं नाही

मोठ्या माणसांत मेंदूतच सुरू होणाऱ्या कॅन्सरपैकी सर्वांत जास्त आढळणारा म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. याच्या व्याख्येतच आयडीएच बिघडलेलं नसतं. त्यामुळे वर सांगितलेली व्होरासिडेनिब या रुग्णांसाठी नाही. दुर्दैव असं, की "गोळी मिळेल का?" हे सर्वांत जास्त याच रुग्णांचे नातेवाईक विचारतात.

या गाठीवर एन्झाइम रोखणारी औषधं वापरून पाहिलीच नाहीत असं नाही. 40 ते 50 टक्के ग्लायोब्लास्टोमात ईजीएफआर या एन्झाइमच्या जनुकाच्या जादा प्रती असतात. फुफ्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये हेच एन्झाइम रोखणाऱ्या गेफिटिनिब आणि एर्लोटिनिब या गोळ्यांनी मोठा फरक पडला. मग मेंदूतही पडायला हवा ना? पडला नाही. पेशीच्या वाढीचा निरोप नेणारं दुसरं एक एन्झाइम रोखणारी एन्झास्टॉरिन 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत जुन्या केमोपेक्षा सरस ठरली नाही. पेशीतला कचरा निकालात काढणारी एन्झाइम यंत्रणा रोखणारं मॅरिझोमिब हे औषध 749 रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या उपचाराला जोडून पाहिलं. औषध घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य 16.5 महिने, न घेतलेल्यांचं 17. त्रास मात्र औषध घेतलेल्यांना जास्त झाला.

प्रयोगशाळेत ही सगळी औषधं पेशी मारत होती. माणसात का चालली नाहीत? कारणं मुख्यतः चार आहेत.

एक, रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पहारा आहे. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात आणि आत शिरलेली बरीच औषधं त्या पंपासारख्या बाहेर फेकतात. दोन, ग्लायोब्लास्टोमाच्या एकाच गाठीत वेगवेगळ्या बिघाडांच्या पेशी शेजारी शेजारी राहतात. एक गट मेला की दुसरा जागा घेतो. तीन, एक रस्ता अडवला की पेशी आडवाटेनं तोच निरोप पोचवते. चार, तेच एन्झाइम निरोगी पेशींनाही लागतं.

चौथ्या कारणाचं उदाहरण सांगतो. टेमोझोलोमाइड हे या आजाराचं मुख्य केमो औषध कॅन्सर पेशीच्या डीएनएला इजा करून काम करतं. पेशीत एमजीएमटी नावाचं दुरुस्तीचं एन्झाइम असतं, ते ही इजा भरून काढतं. मग हे दुरुस्तीचं एन्झाइमच रोखावं, ही कल्पना अगदी तर्कशुद्ध होती आणि ते रोखणारं औषधही बनलं. पण अस्थिमज्जेतल्या रक्त बनवणाऱ्या पेशींनाही तीच दुरुस्ती लागते. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट इतक्या घसरल्या, की टेमोझोलोमाइडचाच डोस कमी करावा लागला. ग्लायोब्लास्टोमात हाती फारसं लागलं नाही.

गंमत म्हणजे काही रुग्णांच्या गाठीत हे एन्झाइम आपोआपच बंद पडलेलं असतं. त्यांना टेमोझोलोमाइडचा फायदा जास्त होतो. 2005 च्या अभ्यासात अशा रुग्णांना रेडिएशनबरोबर टेमोझोलोमाइड दिल्यावर मध्यक आयुष्य 21.7 महिने होतं, सुरुवातीला नुसतं रेडिएशन घेतलेल्यांचं 15.3 महिने. तुमची गाठ यातली आहे का, हे कसं कळणार? पुन्हा तेच: गाठीच्या तपासणीतून.

हळदीचं काय?

भाजीतल्या हळदीशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते "एन्झाइम रोखते" या चार शब्दांवर कॅप्सूलचे डबे विकणाऱ्यांशी.

हळदीतला कर्क्युमिन हा पदार्थ काचेच्या बशीतल्या पेशींवर टाकला तर अनेक एन्झाइम रोखताना दिसतो, हे खरं आहे. पण अडचण याच "अनेक"मध्ये आहे. जो पदार्थ जवळपास प्रत्येक चाचणीत काहीतरी केल्यासारखा दिसतो, त्याच्याकडे औषध बनवणारे रसायनशास्त्रज्ञ संशयानं पाहतात. तो बहुतेक वेळा चाचणीच्या यंत्रणेलाच फसवत असतो. 2017 मध्ये एका नामांकित रसायनशास्त्र नियतकालिकात कर्क्युमिनवरच्या सगळ्या कामाचा आढावा निघाला. माणसांवर 120 हून जास्त चाचण्या झालेल्या असूनही, रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही कोणाला काय दिलंय हे माहीत नसलेल्या, कोऱ्या गोळीशी तुलना करणाऱ्या एकाही चाचणीत ते यशस्वी ठरलेलं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. कारण साधं आहे. पोटातून ते रक्तात फारच कमी जातं, आणि जे जातं त्याचं शरीर लगेच दुसऱ्या पदार्थांत रूपांतर करून टाकतं. मेंदूपर्यंत पोचण्याची गोष्ट तर त्यानंतरची.

शोषण वाढावं म्हणून काही कॅप्सूलमध्ये काळी मिरीतलं पायपरीन घालतात. हळदीच्या अशा सप्लिमेंटमुळे यकृताला इजा झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्या आहेत. आता विचार करा: व्होरासिडेनिबमुळे यकृतावर ताण येऊ शकतो. केमो आणि फिटच्या काही औषधांमुळेही येतो. त्यात ही कॅप्सूल गुपचूप चालू असेल, तर यकृताच्या तपासणीत आकडे वाढल्यावर डॉक्टर उपयोगी औषध थांबवतील आणि निरुपयोगी कॅप्सूल चालूच राहील. नुकसान पैशांपुरतं राहत नाही.

"पण त्यानं मनाला आधार मिळतो" असं नातेवाईक म्हणतात. आधाराची गरज मला समजते. पण त्या डब्यांवर महिन्याला जे पैसे जातात, तेवढ्यात अनेकदा गाठीची एखादी महत्त्वाची तपासणी होऊन जाते, जी आपण "महाग" म्हणून टाळलेली असते.

"तपासून काय उपयोग?" याचं उत्तर

आता त्या तिसऱ्या वाक्याकडे येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणानुसार मोठ्या माणसांतल्या ग्लायोमाचं निदान नुसत्या सूक्ष्मदर्शकावर पूर्ण होत नाही. आयडीएचचा बदल आहे की नाही आणि 1पी/19क्यू हे गुणसूत्रांचे तुकडे गळालेले आहेत की नाही, यावर गाठीचं नाव ठरतं. सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य दिसणारी गाठ आयडीएचचा बदल नसलेली आणि इतर विशिष्ट जनुकीय बदल असलेली निघाली, तर तिला आता ग्लायोब्लास्टोमाच म्हणतात. म्हणजे आजही ज्या रिपोर्टवर फक्त "ग्लायोमा, ग्रेड 2" एवढंच लिहिलेलं असतं, तो रिपोर्ट अर्धा आहे.

नावानं काय फरक पडतो? दोन आकडे शेजारी ठेवतो. ग्लायोब्लास्टोमात रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड देऊन 2005 च्या मूळ चाचणीत मध्यक आयुष्य 14.6 महिने होतं. 1पी/19क्यू गळालेल्या ऑलिगोडेंड्रोग्लायोमाच्या ग्रेड 3 च्या रुग्णांत, रेडिएशनला पीसीव्ही ही जुनी, तीन औषधांची केमो जोडल्यावर, एका अमेरिकी चाचणीत ते 14.7 वर्षं होतं. नुसतं रेडिएशन घेतलेल्यांचं 7.3 वर्षं. एका घरासाठी हिशेब महिन्यांचा आहे, दुसऱ्यासाठी वर्षांचा. आणि या दोन्ही घरांना आपण "ब्रेन ट्यूमर आहे, तपासून काय उपयोग" हे एकच वाक्य ऐकवतो! कोणी घर विकायला काढतो, कोणी मुलीचं लग्न घाईनं उरकतो, कोणी उलट उपचारच सोडून देतो. कशाच्या आधारावर? अर्ध्या रिपोर्टच्या.

यातली पहिली तपासणी काही दुर्मीळही नाही. आयडीएच1 मधला आर132एच हा सर्वांत जास्त आढळणारा बदल पॅथॉलॉजीच्या नेहमीच्या विशेष रंगक्रियेनं, म्हणजे आयएचसीनं, स्लाइडवर दिसतो. ग्लायोमातल्या आयडीएच1 बदलांपैकी सुमारे 90 टक्के हाच असतो. तो दिसला नाही आणि रुग्ण 55 वर्षांखालचा असेल, तर उरलेले बदल शोधायला जनुकीय वाचन करावं, असं वर्गीकरण सांगतं. पहिली तपासणी निगेटिव्ह आली म्हणून तरुण रुग्णाची फाइल बंद करणं चूक आहे.

"पण औषधच परवडणार नाही, मग तपासणी कशाला?" हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. व्होरासिडेनिबची अमेरिकेतली महिन्याची छापील किंमत दहा हजार डॉलरच्या कितीतरी पुढे आहे. आपल्याकडच्या बहुतेक घरांना ते स्वप्नातही शक्य नाही. तरीही तपासणी करावी, याची माझी तीन कारणं आहेत. पहिलं, आत्ताच सांगितलेले महिन्यांचे आणि वर्षांचे आकडे रेडिएशन, टेमोझोलोमाइड आणि पीसीव्ही या जुन्या उपचारांचे आहेत, आणि टेमोझोलोमाइड तर भारतात अनेक कंपन्या बनवतात. तपासणी त्यांची निवड ठरवते. दुसरं, ज्याच्या गाठीत बदल नाही त्याच्या घरच्यांना महागड्या गोळीमागे धावून कर्ज काढण्यापासून तीच तपासणी वाचवते. तिसरं, कुठल्या चाचणीत किंवा मदत योजनेत नाव घालायचं असेल तर पहिला कागद हाच मागतात.

आणि किंमत म्हणजे काही ब्रह्मलिखित नव्हे. रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये बिघडलेलं एन्झाइम रोखणारी इमॅटिनिब आठवा. ग्लिव्हेक या नावानं ती महिन्याला लाखाच्या वर जात होती. भारतीय कंपन्यांची तीच गोळी त्याच्या एक दशांशाच्या आसपास मिळू लागली, आणि 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला. आज ती गोळी सर्वसामान्य रुग्ण वर्षानुवर्षं घेतात. उद्या मेंदूच्या गोळीबाबतीत काय होईल हे कोणी आज सांगू नये. पण ती स्वस्त होईल तेव्हा कोणाला द्यायची हे ठरवायला रिपोर्ट हाताशी हवा. सावकाश वाढणाऱ्या गाठीच्या रुग्णापुढे तेवढी वर्षं असू शकतात.

गोळी चालू असेल तर

ज्यांना व्होरासिडेनिब चालू झाली आहे त्यांच्यासाठी फॅमिली डॉक्टर म्हणून थोडं.

यकृताची रक्ततपासणी पहिले दोन महिने दर दोन आठवड्यांनी आणि पुढे दर महिन्याला करायची असते. बरं वाटतंय म्हणून ती चुकवू नका.

यकृतातलं एक एन्झाइम ही गोळी मोडतं. बिडी-सिगारेटचा धूर आणि फिटसाठीचं फेनिटॉइन त्या एन्झाइमला जास्त कामाला लावतात, गोळी लवकर मोडते आणि तिचा असर घटतो. क्षयरोगाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिनही तसंच. उलट सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक त्या एन्झाइमला रोखतं आणि गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. म्हणून जुलाब किंवा लघवीची जळजळ झाली तर केमिस्टकडून परस्पर गोळ्या घेऊ नका. मात्र फेनिटॉइन मनानं बंद करायचं नाही, फिट येऊन जिवावर बेतू शकतं. बदल न्यूरॉलॉजिस्ट करतील.

गर्भाला धोका असल्यानं गर्भनिरोधन आवश्यक आहे, आणि संततिनियमनाच्या गोळ्यांचा भरवसा या औषधाबरोबर कमी होऊ शकतो. कंडोम किंवा तांबीबद्दल डॉक्टरांशी बोला. हा विषय लाजून टाळू नका.

ऑपरेशनआधी आणि नंतर विचारायचे प्रश्न

हे प्रश्न कागदावर उतरवून न्यूरोसर्जन आणि कॅन्सरतज्ज्ञांपुढे ठेवा. त्यांना राग येणार नाही, आणि आला तरी विचारा.

1. काढलेल्या गाठीवर आयडीएचची तपासणी होणार आहे का? आयएचसी निगेटिव्ह आली तर पुढचं जनुकीय वाचन कुठे होईल?
2. 1पी/19क्यू आणि एमजीएमटी तपासणार का? मूल असेल तर बीरॅफ?
3. या तपासण्यांचा खर्च किती? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा आमच्या विम्यात तो बसतो का? नसेल तर रुग्णालयाचा समाजसेवा विभाग मदत करेल का?
4. गाठीचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा, कुठे आहे आणि आम्हाला तो कसा मिळेल?
5. अंतिम रिपोर्टवर गाठीचं पूर्ण नाव, ग्रेड आणि आयडीएचची स्थिती लिहिलेली आहे का?

चौथा प्रश्न लोक सर्वांत जास्त विसरतात. ब्लॉक जपून ठेवला तर वर्षांनंतरही त्यावर तपासणी करता येते. बाहेर ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या स्लाइड आणि ब्लॉक मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या संस्थांत पुन्हा तपासून मिळतात. ज्यांचं ऑपरेशन चार-पाच वर्षांपूर्वी झालं आणि रिपोर्टवर आयडीएचचा उल्लेखच नाही, त्यांनी याच आठवड्यात त्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात ब्लॉकची चौकशी करावी. डिस्चार्ज कार्ड आणि पॅथॉलॉजीचा नंबर असलेला जुना कागद सोबत न्यावा. ब्लॉक त्याच नंबरानं शोधतात.